नववीतल्या मुलामुलींनी वजन उचलावं का?

"वजनं उचलू नकोस, उंची खुंटेल." हे न ऐकता मोठा झालेला मराठी मुलगा सापडणं कठीण. आजी म्हणते, शेजारचे काका म्हणतात, कधीमधी फॅमिली डॉक्टरही म्हणतात. गंमत अशी की तोच मुलगा सकाळी भलंमोठं दप्तर एका खांद्यावर लटकवून तीन जिने चढतो, सुट्टीत गावी गेला की पाण्याच्या कळश्या वाहतो, कबड्डीत दोघांना अंगावर घेऊन मध्यरेषेकडे सरकतो. त्या वेळी उंचीची काळजी कुणालाच नसते. हातात डंबेल दिसला की मात्र घरादाराला धडकी भरते.

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढपट्टी म्हणू. इथे नव्या पेशी तयार होतात, मागच्या पेशींचं हळूहळू हाड होतं आणि हाड लांब होत जातं. वयात येण्याचा टप्पा संपत आला की संप्रेरकं हा थर बंद करतात आणि उंची थांबते. तोपर्यंत हा थर आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि हाडांना हाडं जोडणाऱ्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक असतो. मोठ्या माणसाचा घोटा मुरगळतो तिथे चौदा वर्षांच्या पोराची वाढपट्टी दुखावू शकते, आणि ती वाईट रीतीने मोडली तर त्या हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. इथवर आजीचं बरोबर आहे.

पुढचं मात्र बरोबर नाही. सायकलवरून पडताना, झाडावरून उडी मारताना, खेळात कुणी अंगावर कोसळलं तर अशी इजा होते. व्यायामशाळेत झालेल्या अशा इजांच्या ज्या नोंदी आहेत, त्यांत बहुतेक वेळा झेपत नसलेलं वजन, चुकीची पद्धत आणि लक्ष द्यायला कुणी नसणं या गोष्टी आढळतात. नीट शिकवलेल्या, नजरेखाली केलेल्या शक्तीच्या व्यायामाने उंची खुंटते याला पुरावा सापडलेला नाही. २०१४ साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून काढलेल्या निवेदनाचा सूर हाच होता आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० मध्ये पुन्हा तेच सांगितलं.

साधा हिशोब करा. धावताना दर पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार क्षणभर येतो. उंचावरून उडी मारून उतरताना त्याहून जास्त. म्हणजे ४५ किलोची मुलगी मैदानाला एक फेरी मारते तेव्हा तिचे पाय प्रत्येक पावलाला नव्वद ते एकशे पस्तीस किलोचा दणका सोसतात. तिने पाच किलोचा डंबेल छातीशी धरून सावकाश बैठका काढल्या तर त्या मानाने तो भार किरकोळ आहे, आणि तोही तिच्या ताब्यातला.

मग वेटलिफ्टर बुटके का दिसतात? कारण आखूड हातापायांच्या माणसाला वजन कमी अंतर उचलावं लागतं, म्हणून त्या खेळात तेच पुढे जातात. बास्केटबॉलचं याच्या उलट. खेळून कुणी उंच होत नाही, उंच पोरांना संघात घेतात. दारावरच्या लोखंडी दांड्याला लोंबकळूनही उंची वाढत नाही. लोंबकळावं जरूर, पकड आणि पाठ त्याने छान तयार होते. उंची मात्र आईवडिलांकडून येते, थोडी ताटातून येते.

हाडांची बँक कधी भरते

हाड म्हणजे निर्जीव खांब, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते रोज थोडं मोडलं जातं आणि थोडं बांधलं जातं. त्यातल्या पेशींना भार कळतो. हाड किंचित वाकलं, दबलं की तिथे जास्त बांधकाम करा असा निरोप जातो. भार पडला नाही तर बांधकाम थंडावतं.

याचा फार सुंदर पुरावा फिनलंडमधल्या एका अभ्यासात मिळाला. १९९५ मध्ये तिथल्या संशोधकांनी टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडं मोजली. या खेळांत रॅकेट एकाच हातात असते. म्हणजे तीच बाई, तोच आहार, तीच अनुवंशिकता, फक्त एका हाताने हजारो फटके मारलेले आणि दुसऱ्याने नाही. खेळणाऱ्या हाताचं हाड अर्थातच जास्त भरीव निघालं. पण खरी गोष्ट पुढे आहे: ज्यांनी पाळी येण्याआधी किंवा येण्याच्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांना मिळालेला फायदा उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. मेहनत दोघींचीही होती, एकीची फक्त योग्य वयात पडली.

मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलं चौदाव्या वर्षी सगळ्यात वेगाने उंच होतात. हाडांत खनिजं भरण्याचा वेग त्यानंतर काही महिन्यांनी शिगेला पोचतो. आधी उंची, मग भराव. त्या झपाट्याच्या आसपासच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या एकूण हाडखनिजांपैकी सुमारे पाव हिस्सा जमा होतो. पंचविशीनंतर या खात्यात फारशी भर पडत नाही, पुढे काढणंच सुरू होतं. साठीतल्या आईचं खुब्याचं हाड न्हाणीघरात पाय घसरून मोडतं, त्या गोष्टीची सुरुवात बऱ्याचदा तिच्या सातवी-आठवीत झालेली असते.

आता हे वय शाळेच्या वेळापत्रकावर ठेवून पाहा. सातवी ते दहावी. म्हणजे मुलींना "आता मोठी झालीस, मैदानावर काय हुंदडतेस" म्हणून घरात घेतात ती वर्षं, आणि मुलांचे क्लास सुरू होऊन पीटीच्या तासाला गणिताचे सर वर्गात शिरतात ती वर्षं. हाडं भरायच्या नेमक्या वेळी आपण मुलांना बाकावर बसवतो. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

एक बारकावा. पोहणं आणि सायकल हे हृदयासाठी, दमासाठी उत्तम व्यायाम, पण हाडांना त्यांतून फारसा दणका बसत नाही. पाणी अंग तोलून धरतं आणि सायकलवर वजन खोगिरावर असतं. मुलगी रोज तासभर पोहत असेल तर आनंदच आहे, जोडीला दोरीवरच्या उड्या किंवा थोडा खो-खो हवा.

दंड न फुगताही ताकद वाढते

आठवीतली पोरं जोर मारायला लागतात आणि दोन आठवड्यांनी आरशात पाहून हिरमुसतात, कारण दंड होता तसाच असतो. पण आधी पाच जोरांत धापा टाकणारा आता बारा मारत असतो. हे कसं?

रस्सीखेच आठवा. नवशिक्या संघात दहा जण असतात, पण कुणी आधी ओढतो, कुणी नंतर, दोघे नुसतेच दोर धरून उभे. त्याच दहा जणांना एका हाकेवर ओढायला शिकवलं की माणूस न वाढवता जोर वाढतो. स्नायूत असंच होतं. स्नायूचे हजारो तंतू असतात आणि मेंदूकडून येणाऱ्या चेता त्यांना गटागटाने हाका मारतात. सरावाने जास्त गट एका वेळी कामाला लागतात आणि विरुद्ध बाजूचे स्नायू नको तिथे आडवे येणं थांबवतात. वयात येण्यापूर्वी ताकद वाढते ती प्रामुख्याने या शिस्तीमुळे. दोन-तीन महिने नियमित सराव केलेल्या नवख्या मुलांची ताकद साधारण ३० टक्क्यांनी वाढल्याचं वारंवार दिसलं आहे, स्नायूंचा आकार फारसा न बदलता. मुलं वयात आली की टेस्टोस्टेरॉन वाढतं, मग स्नायू जाडही होतात. मुलींमध्ये ते संप्रेरक फार कमी असल्याने त्यांची ताकद वाढते, पण पहिलवानी शरीर होत नाही. "मुलीचे दंड पुरुषासारखे होतील" ही चिंता म्हणून सोडून द्यावी. तसे दंड कमवायला पुरुषांनाही वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो.

मिळवलेली ताकद सोडली की जाते, हेही खरं. दोन-अडीच महिने काहीच केलं नाही तर कमावलेलं बरंचसं ओसरतं. म्हणून वार्षिक क्रीडास्पर्धेच्या आधी तीन आठवडे रगडायचं आणि नंतर वर्षभर बसायचं, याचा उपयोग जवळपास शून्य.

पुण्याच्या डॉक्टरांचा एक फोटो

आपल्या मुलांना स्नायूंची गरज इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे असं माझं मत आहे. त्यामागे एक पुणेरी संशोधन आहे.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक इंग्लंडचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा: २२.३. कुणाही डॉक्टरने दोघांना "वजन छान आहे" म्हटलं असतं. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. वजन तेवढंच, आतला माल वेगळा.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहानखुरी, हातापायांनी काटकुळी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून असलेली. बारीक दिसणारं पण चरबी बाळगणारं हे शरीर पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतं. 'आमचा बंड्या काय, काडी आहे, त्याला व्यायामाची काय गरज' हे म्हणूनच धोक्याचं. वजनकाटा काडीही दाखवतो आणि खोटंही बोलतो.

यात स्नायू काय करतात? आपण भात-पोळी खातो तेव्हा रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. एरवी साखर आत घ्यायला त्यांना इन्सुलिनचा निरोप लागतो. पण स्नायू आखडला-सैलावला, म्हणजे कामाला लागला, की तो इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो. त्यामुळे जितका स्नायू जास्त आणि जितका तो वापरात, तितका इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडावरचा ताण कमी. ज्या घरात आजोबांना मधुमेह, बाबांना चाळिशीत मधुमेह, त्या घरातल्या मुलाच्या बैठका हा शोभेचा प्रकार राहत नाही.

नुसतं खेळणं पुरतं का

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि त्यांत आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारे प्रकार असावेत. जगभरातल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८१ टक्के या साठ मिनिटांपर्यंत पोचत नाहीत, असं २०१६ च्या आकडेवारीवरून दिसलं. मुली ८५ टक्के, मुलगे ७८.

खो-खोसारखा खेळ या सूचनेत चपखल बसतो. पाटीवर उकिडवं बसणं, 'खो' मिळताच उसळून उठणं, खांबाला वळसा, अंग झोकून गडी टिपणं. काही मिनिटांत इतकं काम दुसरा कोणता खेळ देत असेल असं वाटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. कबड्डीही तशीच. क्रिकेटचं तसं नाही. सोसायटीतल्या सामन्यात सीमारेषेवर उभा असलेला मुलगा दोन तासांत एकूण किती मिनिटं हलतो ते एकदा घड्याळ लावून बघा. खेळू द्या, पण 'तो रोज दोन तास खेळतो' यावर समाधान मानू नका.

शिवाय खेळ शरीर वापरतो, ते तयार करतोच असं नाही. वर्षभर बाकावर बसलेल्या पोराला तालुका स्पर्धेच्या आठवड्यात एकदम कबड्डीत उतरवलं की गुडघे आणि खांदे बोलायला लागतात. मुलींमध्ये गुडघ्याचा प्रश्न जास्त. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद मागे राहते, आणि उडीवरून उतरताना गुडघे आत एकमेकांकडे झुकतात. अशाच एखाद्या क्षणी गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो आणि शस्त्रक्रिया, सहा-नऊ महिने घरी.

हे बऱ्याच अंशी टाळता येतं. फुटबॉलमध्ये 'फिफा ११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे: हलकं धावणं, एका पायावर तोल, बैठका, उड्या, पोट-पाठीची पकड, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर तो आजमावून पाहिला. २००८ मध्ये निष्कर्ष आले: तो करणाऱ्या संघांत एकूण दुखापती जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कमी, गंभीर दुखापती तर त्याहून कमी. खर्च काही नाही. आपल्याकडे वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या आणि मान गोल फिरवणं, एवढ्यावरच भागवतात.

सुरुवात कशी करायची

जिमची गरज नाही. निदान पहिलं वर्षभर तरी नाही. ढकलणं, ओढणं, बसून उठणं, खुब्यातून वाकणं आणि ओझं घेऊन चालणं, एवढ्या पाच हालचाली आल्या की पुरे.

बैठकच घेऊ. बहुतेक मुलं चवड्यांवर जाऊन गुडघे पुढे ढकलत खाली जातात. त्याऐवजी पाय खांद्यांएवढे रुंद, चवडे किंचित बाहेर. मागे स्टूल ठेवा आणि त्यावर टेकायचंय असं समजून नितंब मागे नेत खाली जा. टाचा जमिनीला चिकटलेल्या, छाती समोर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. समोरून मोबाइलवर चित्रीकरण करा. गुडघे आत येत असतील तर संख्या वाढवू नका, आधी तेच सुधारा. खाली जाताना मनात तीन आकडे मोजा, वर एका दमात. अशा दहा चांगल्या बैठका शंभर घाईच्या बैठकांपेक्षा कितीतरी मोलाच्या. तालमीतला आकड्यांचा अभिमान मला समजतो, पण शाळकरी पोराने 'आज पाचशे मारल्या' म्हणून लंगडत वर्गात यावं, यात कौतुकासारखं काही नाही.

जोर जमिनीवर जमत नसेल तर भिंतीवर हात टेकून, मग ओट्यावर, मग बाकड्यावर, मग जमिनीवर. गुडघे टेकवलेले जोर मुलींसाठी आणि सरळ जोर मुलांसाठी, ही शाळेतली वाटणी निरर्थक आहे. ज्याला जे जमतं तिथून त्याने सुरुवात करावी. ओढण्यासाठी दांडा नसेल तर लाकडी मल्लखांब आहे, दोरीचा मल्लखांब आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभट देवधरांनी मल्लखांब नव्याने उभा केला, आणि पकड, खांदे व पोट एकदम तयार करणारं इतकं स्वस्त साधन आजही दुसरं नाही. लाकडी मुद्गल आणि लोखंडी साखळीची मूळची वजनदार लेझीमसुद्धा शक्तीचीच साधनं. स्नेहसंमेलनातली हलकी लेझीम पाहून हे विसरायला होतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच शिकवत आलं आहे. शरीराचं वजन वापरून ताकद कमावण्याची विद्या आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही, फक्त ती 'जुनाट' म्हणून माळ्यावर टाकलेली आहे.

मात्रा थोडी: आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, अर्धा-पाऊण तास. प्रत्येक हालचालीचे एक-दोन फेरे, फेऱ्यात आठ ते पंधरा वेळा. शेवटच्या दोन वेळा कठीण वाटाव्यात, पण पद्धत मोडू नये. पंधरा सहज जमले की थोडं वजन वाढवा, पाच-दहा टक्क्यांनी. पाण्याच्या बाटल्या, दप्तरात मोजून ठेवलेली पुस्तकं, वाळूची पिशवी, काहीही चालतं. 'एका वेळी जास्तीत जास्त किती उचलतोस बघू' हा प्रकार मात्र या वयात नकोच. अनेक इजा याच मर्दुमकीत होतात.

ताटातलं आणि डब्यातलं

जिमच्या काउंटरवरचे प्रोटीन पावडरचे डबे शाळकरी मुलांना लागत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम आणि मुलीला ४६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. खेळणाऱ्याला थोडी अधिक. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, वाटीभर घट्ट वरणात किंवा उसळीत सहा-सात, शिवाय ज्वारीच्या भाकरीतूनही थोडी येतातच. मधल्या सुट्टीतला वडापाव आठवड्यातून दोनदा भाजलेले चणे-दाणे झाला तरी फरक पडतो. डब्यांत काय मिसळलेलं असतं याची खात्री नसते, आणि कुणी 'लवकर बॉडी बनते' म्हणून इंजेक्शन किंवा गोळी सुचवत असेल तर त्या जिमची पायरी पुन्हा चढू नये. कमी वयात घेतलेली स्टेरॉइड वाढपट्टी वेळेआधी बंद करू शकतात. उंची खुंटवण्याचा खरा मार्ग कुठला, तर तो हा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी पाहावी लागते, रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. याच वयाच्या मुलग्यांत प्रमाण ३१ टक्के. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत प्राणवायू कमी. अशी मुलगी दुसऱ्या फेरीतच बसते आणि आपण तिला आळशी ठरवतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात पडून राहते, ती जेवल्यावर घ्यावी, चहाबरोबर नको. पाळीच्या दिवसांत जमेल तेवढं खेळायला हरकत नाही, त्रास होत असेल तर थांबावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नियमित येणारी पाळी सराव वाढल्यावर सलग तीन महिने थांबली, तर ते 'खेळाडूंचं होतंच तसं' म्हणून सोडू नका. खाणं मेहनतीला पुरत नाही, याची ती खूण असते आणि त्यात हाडंच झिजतात.

दहावीचं वर्ष

"सर, या वर्षी तरी मैदान बंद ना?" हा प्रश्न जूनमध्ये येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे: कमी करा, बंद करू नका. हालचालीनंतर काही काळ लक्ष जास्त लागतं, रात्रीची झोप गाढ होते आणि परीक्षेच्या धास्तीला थोडी वाट मिळते. व्यायामाने गणित येत नाही, ते सोडवावंच लागतं. पण सलग चार तास बसलेला मुलगा चौथ्या तासाला पुस्तकाकडे बघत असतो, वाचत नसतो. आठवड्यात अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन शक्तीचे दिवस आणि रोज संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत अर्धा-पाऊण तास मोकळ्या हवेत, इतकं दहावीत बसतं. दिवसाच्या उजेडात बाहेर राहण्याने चष्म्याचा नंबर लागण्याची शक्यताही कमी होते. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे चारला उठवून धावायला पाठवणं आणि रात्री बारापर्यंत जागवणं, हे दोन्ही एकाच घरात चालत असेल तर त्या व्यायामातून काही हाती लागत नाही.

याच्या उलट टोकाची घरंही असतात. मुलगी जिल्ह्याला पहिली आली की क्रीडागुण आणि सरकारी नोकऱ्यांतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण डोळ्यांसमोर नाचू लागतं, आणि बाराव्या वर्षीच एकच खेळ, वर्षाचे बाराही महिने, दिवसाला दोन सत्रं. एकाच सांध्यावर तोच ताण वर्षानुवर्षं पडल्याने येणाऱ्या दुखापती अशाच मुलांत जास्त दिसतात. बालरोगतज्ज्ञ एक सोपा ठोकताळा सांगतात: आठवड्यात सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकापेक्षा जास्त खेळ. बीडच्या आष्टी तालुक्यातला धावपटू अविनाश साबळे लहानपणी काही किलोमीटर लांबच्या शाळेत चालत-धावत जायचा. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याची शर्यत, त्याच्या आयुष्यात सैन्यात भरती झाल्यानंतर आली आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवलं.

दुखण्याबद्दल एवढं लक्षात ठेवा. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या सर्वत्र ठणकणं साहजिक आहे, दोन-तीन दिवसांत जातं. एकाच जागी, सांध्यात किंवा हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं वेगळं. उंच होत असलेल्या, खूप उड्या मारणाऱ्या मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येतो. तिथे मांडीचा स्नायू वाढत्या हाडाला ओढत असतो. ते बहुधा वाढ थांबली की बरं होतं, पण तोवर उड्या कमी कराव्या लागतात. सूज, रात्री जाग आणणारं दुखणं किंवा लंगडणं असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मालिशवाल्याला नव्हे. आणि धावताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक हृदयविकाराने गेलं असेल, तर मैदानावर जाण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या.

कुणाकडे पाठवायचं ठरवताना बोर्डावरचे चषक बघू नका, सरावाच्या वेळी पंधरा मिनिटं कडेला उभे राहा. एका प्रशिक्षकामागे किती मुलं आहेत, चुकल्यावर तो दाखवून देतो की शिक्षा म्हणून वीस जोर मारायला लावतो, नव्या मुलाच्या हातात आधी नुसती काठी देतो की लोखंडी बार, आणि मागे पडलेल्या मुलाला त्याच्या जमण्यातलं काही काम मिळतं की तो कोपऱ्यात चेंडू गोळा करत असतो, एवढं दिसलं की निर्णय घेता येतो.